नववीतल्या मुलांना नाटक लिहायला शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?

सिंदफणाकाठ

नमस्कार मंडळी. मी बीड जिल्ह्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. दरवर्षी स्नेहसंमेलन आलं की कुठून तरी झेरॉक्स केलेली संहिता येते. व्यसनमुक्ती, झाडे लावा, स्वच्छता. मुलं पाठ करतात, टाळ्या पडतात आणि चार दिवसांनी त्यातलं एक वाक्यही कुणाला आठवत नाही. यंदा ठरवलंय की नाटक मुलांनीच लिहायचं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आठवी-नववीची वीसेक मुलं थांबतात. उत्साह भरपूर आहे.

पहिल्यांदा मी एवढंच सांगितलं, "घरातला एखादा प्रसंग संवादात लिहा." जे आलं ते बहुतेक असं:

आई : अगं सुमन, तू आपल्या घरातील थोरली मुलगी असून यंदा दहावीला आहेस आणि तुझे वडील गेल्या वर्षापासून आजारी असल्यामुळे आपली परिस्थिती हलाखीची आहे, हे तुला ठाऊक आहेच.
सुमन : होय आई, मला ठाऊक आहे. परंतु शिक्षण ही काळाची गरज आहे.

म्हणजे निबंधच, फक्त डावीकडे नावं. माझे प्रश्न असे: आधी नाटकाची रचना शिकवू की थेट संवाद लिहायला लावू? ही भाषणं कशी थांबवू? भाषा घरची ठेवू की पुस्तकातली? आणि वीस मुलांना वीस भूमिका हव्यात, त्याचं काय करू? स्टेजवर काम केलेल्यांनी आणि मुलांबरोबर काम केलेल्यांनी जरूर लिहा.

तिसरी घंटा

ताई, प्रश्न फार महत्त्वाचा काढलात. मी एकांकिका लिहितो, बसवतो, शाळांमध्ये शिबिरंही घेतो. माझ्या अनुभवात पहिल्या दिवशी रचना, अंक, प्रवेश यातलं काहीच सांगू नये. तीनच प्रश्न फळ्यावर लिहावेत. कुणाला काय हवंय? कोण देत नाहीये? आणि हे आजच का व्हायला हवंय?

तुमच्या सुमनचं उदाहरण घेऊ. त्या दोन वाक्यांत माहिती खूप आहे, पण आईला सुमनकडून काही नकोय आणि सुमनला आईकडून काही नकोय. दोघी मिळून प्रेक्षकांना माहिती सांगतायत. आता सुमनला परीक्षेचा फॉर्म भरायचाय आणि आज शेवटची तारीख आहे, एवढंच ठरवा आणि बघा:

आई : (भाकरी थापता थापता) कुठं निघालीस?
सुमन : शाळेत. फॉर्म भरायचाय. आज शेवटची तारीख.
आई : किती?
(सुमन गप्प.)
आई : किती म्हणलं मी?
सुमन : आण्णांना विचारते.
आई : उठवू नको त्यांला. आत्ता कुठं डोळा लागलाय.
(सुमन फॉर्मची घडी घालते, दप्तरात ठेवते. जात मात्र नाही.)

वडील आजारी आहेत हे कळलं. पैसे नाहीत हे कळलं. आईची तारांबळ कळली. आणि "परिस्थिती हलाखीची आहे" असं कुणी म्हणालं नाही. मुलांना हे दोन्ही उतारे शेजारी ठेवून मोठ्यानं वाचायला लावा. फरक त्यांनाच ऐकू येतो, समजावून सांगावा लागत नाही.

चिंगी

+१. "तुला ठाऊक आहेच" हे शब्द संहितेत दिसले की खाली लाल रेघ. ज्याला ठाऊक आहे त्याला आपण पुन्हा कशाला सांगतो?

त्रिअंकी

तिसरी घंटा यांच्या उताऱ्याला दाद. पण पहिल्या दिवशी रचना सांगू नये, हे मला पटत नाही. सुटा प्रसंग मुलं पटकन लिहितात. पुढे काय, इथं सगळी गाडी अडते. दहा-बारा प्रसंग होतात आणि नाटक होत नाही. आरंभ, गुंता, गुंता टोकाला जाणं आणि सुटणं, एवढं माहीत असलं तर मूल वाट चुकत नाही.

आणि ही रचना परकी वाटत असेल तर आपल्याच रंगभूमीवरून शिकवा. देवलांचं 'संगीत शारदा' १८९९ सालचं. विषय जरठ-बालाविवाह, म्हणजे आजच्या भाषेत सामाजिक संदेशाचं नाटक. पण देवलांनी व्याख्यान दिलं नाही. म्हाताऱ्या भुजंगनाथाला लग्न करायचंय. कांचनभटाला पैसा हवाय. शारदेला हे लग्न नकोय आणि तिला विचारतं कोण? प्रत्येकाला काहीतरी हवंय, आणि एकाला मिळालं तर दुसऱ्याचं जातं. त्यातून गुंता वाढत वाढत थेट लग्नघटकेपर्यंत येतो. तिथं वधूवर एकाच गोत्राचे निघाले म्हणून लग्न मोडतं. एवढं गोष्टीरूपात सांगितलं तरी नववीतल्या मुलाला रचना कळते. पदं ऐकवलीत तर आणखी उत्तम.

मी मुलांना एक तक्ता करायला लावतो. पात्राचं नाव, त्याला काय हवंय, त्यासाठी तो काय काय करून बघतो. ज्याचा दुसरा रकाना कोरा, ते पात्र नाटकातून बाहेर.

दशावतारी

मी सिंधुदुर्गातला. मी दोघांच्याही आधी जातो: पेन्सिल हातात देऊच नका.

आमच्याकडे दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आख्यान कुठलं ते ठरतं, कुणी कुठला वेश घ्यायचा ते ठरतं, प्रसंगांचा क्रम बोलून घेतात आणि नट रंगमंचावर उभे राहून संवाद रचतात. रात्रभर. समोरचा काय बोलला ते ऐकल्याशिवाय आपलं वाक्य सुचतच नाही. हे ऐकणं, संवादलेखनात सगळ्यात अवघड तेच आहे. मुलं कागदावर लिहितात तेव्हा आईचं वाक्य आणि सुमनचं वाक्य एकच जण एका सुरात लिहितो, म्हणून दोघी सारख्याच बोलतात.

तर दोन मुलांना उभं करा. एकाला कानात सांगा, "तुला आज त्याची सायकल पाहिजेच." दुसऱ्याला सांगा, "सायकल द्यायची नाही, पण का ते सांगायचं नाही." आणि सोडून द्या. कुणाच्या तरी मोबाईलवर ध्वनिमुद्रण करा. मग ऐकून लिहून काढा. पहिली संहिता तयार.

त्रिअंकी

दशावतारी, पद्धत छान आहे, पण दशावतारी नटाच्या मागे पुराणकथांचा साठा असतो आणि वर्षानुवर्षं जत्रा केलेल्या असतात. मुलांकडे तो नसतो. तीन मिनिटांनी "दे ना", "नाही देत", "दे ना", "नाही देत" सुरू होतं.

दशावतारी

होतं ना! आणि तिथंच थांबवून विचारायचं, "मागून मिळत नाहीये. आता दुसरं काय करशील?" मग एखादा लाडीगोडी लावतो, एखादा धमकी देतो, एखादा रडतो, एखादा चक्क अदलाबदलीचा सौदा करतो. प्रसंग पुढे सरकतो तो या बदलामुळे. तुमच्या तक्त्यातला तिसरा रकाना मुलं इथं उभ्या उभ्या भरतात.

त्रिअंकी

हे मात्र मान्य. तिसरा रकाना उभ्यानं भरायचा, हे मी माझ्या वर्गातही करून बघेन.

वडसेकर

भाषेबद्दल लिहितो. आम्ही झाडीपट्टीवाले, म्हणजे पूर्व विदर्भातले. दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाली की वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांची नाटकं गावोगाव रात्रभर चालतात, लोक चादर-घोंगडं घेऊन येतात. तिथं प्रेक्षक कशावर हसतो, कशावर हळहळतो, ते लहानपणापासून बघत आलोय. पात्र आपल्यासारखं बोललं की मांडवातला माणूस पुढं सरकून बसतो.

मुलांना घरची बोली लिहू द्या. शुद्धलेखन तपासू नका, निदान पहिल्या खर्ड्यात तरी. "शिक्षण ही काळाची गरज आहे" असं कुठलीच मुलगी चुलीपुढं म्हणत नाही. पुस्तकी भाषेत लिहायला लावलं की मूल आपोआप पुस्तकातलेच विचार लिहितं.

शुभदा_क

वडसेकर, भावनेशी सहमत, पण स्पर्धेचं काय? मी बालनाट्य स्पर्धांना मुलं घेऊन जाते. बोली ऐकल्यावर "ग्रामीण विनोदी" म्हणून बघणारे प्रेक्षक असतात. दुसरं, शहरातली मुलं बोली लिहायला जातात तेव्हा "व्हय, न्हाय, लई" एवढ्या तीन शब्दांवर अख्खा गाव उभा करतात. तेही खोटंच.

मला वाटतं, एकच मुलगी घरी एक आणि शाळेत दुसरं बोलते, हे मुलांच्या लक्षात आणून द्यावं. आजीशी बोलतानाची सुमन, मुख्याध्यापकांपुढची सुमन आणि मैत्रिणीबरोबर डबा खाताना बोलणारी सुमन. तीन ठिकाणी तिचं वाक्य बदललं पाहिजे. आणि मुख्याध्यापकांपुढे बोलता बोलता मध्येच घरचा शब्द निसटला, तर त्या एका शब्दानं प्रेक्षकाला ती मुलगी कळते.

वडसेकर

हे एकदम बरोबर. माझाही आग्रह एवढाच की ज्याची बोली त्यानं लिहावी.

पडद्यामागे

मी प्रकाशयोजना आणि नेपथ्य करतो, म्हणून माझं गाऱ्हाणं वेगळं. मुलं मालिका आणि वेब सिरीज बघून लिहितात. पहिला प्रवेश घर, दुसरा शाळा, तिसरा शेत, चौथा दवाखाना, पाचवा पुन्हा घर. प्रत्येक प्रवेश दीड मिनिटाचा, मध्ये "अंधार". शाळेचं संमेलन बहुतेक वेळा भर दुपारी मांडवात असतं. अंधार आणणार कुठून? मुलं खुर्च्या इकडून तिकडे नेताना दिसतात आणि प्रेक्षक गप्पा मारायला लागतात. त्या गप्पा थांबवून नाटक परत सुरू करणं मोठ्या नटांनाही जड जातं.

म्हणून पहिल्या नाटकाला माझी अट असते: एक जागा, एक सलग वेळ. पंधरा मिनिटांची गोष्ट पंधरा मिनिटांत घडू दे. मुलं कुरकुरतात, मग त्यांना गंमत कळते. दवाखान्यात जाता येत नाही म्हटल्यावर दवाखान्याची बातमी घरात कुणीतरी आणावी लागते. कोण आणतं, कुणासमोर सांगतं, कुणापासून लपवतं, यातच नाटक आहे.

दुसरं म्हणजे कंसातल्या रंगसूचना. "सुमनला बालपणीची आठवण येते आणि तिला अपराधी वाटते" हे मी प्रेक्षकाला कसं दाखवू? दिसेल किंवा ऐकू येईल तेवढंच कंसात. वर तिसरी घंटा यांनी लिहिलंय बघा, "जात मात्र नाही." तीन शब्द आहेत, पण नटाला करता येतात आणि शेवटच्या रांगेला दिसतात.

तिसरं, माइक. शाळेत दोन उभे माइक असतात, फार तर तीन. महत्त्वाचं वाक्य एकट्याला द्या, छोटं ठेवा, आणि हशा येईल अशा जागेनंतर लगेच कळीची माहिती ठेवू नका. हशात ती बुडते.

अभ्या९

मी स्वतः दहावीत आहे, लिहू का? आमच्या सरांनी सांगितलं, संदेश नसेल तर नंबर येत नाही. म्हणून शेवटी सगळे एका रांगेत उभे राहून संदेश म्हणतात. आम्हालाही ते आवडत नाही, पण नंबर पण पाहिजे.

तिसरी घंटा

अभ्या, लिही की, धागा तुमच्यासाठीच आहे. तुझ्या सरांशी वाद घालू नकोस, त्यांना नाटक करून दाखव. शेवटची रांग काढून टाक आणि तालमीला दुसऱ्या वर्गातली चार मुलं बसव. नाटक संपल्यावर त्यांना विचार, "कशाबद्दल होतं?" त्यांनी बरोबर सांगितलं तर रांगेची गरज नव्हती. सांगता आलं नाही तर रांग लावूनही उपयोग नाही, मधले प्रसंग पुन्हा लिहावे लागतील.

चिंगी

वीस भूमिकांचा प्रश्न राहिलाच की. आमच्या वर्गात झाडाच्या भूमिकेसाठी भांडणं व्हायची, कारण झाडाला पाठांतर नव्हतं.

शुभदा_क

हो, पण झाड झालेल्या मुलाची आई पण प्रेक्षकांत बसलेली असते! वीस जणांना प्रत्येकी दोन वाक्यं वाटून देऊ नका. तसं केलं की नाटकाची सभा होते. समूह हे एक पात्र माना. गावकरी, वर्गातली मुलं, बाजारातली माणसं. त्या समूहालाही काहीतरी हवं असलं पाहिजे. आपल्याकडे सूत्रधार, विदूषक, तमाशातले गणगवळण-बतावणीतले सोंगाडे, कीर्तनातले टाळकरी अशी मोठी परंपरा आहे. समूह गातो, टोमणे मारतो, रस्ता होतो, भिंत होतो, आणि एखाद्या क्षणी गप्प बसतो. वीस जण एकदम गप्प बसले की काय होतं ते एकदा करून बघाच. आणि सगळ्यांनी लिहिलंच पाहिजे असं आहे, सगळ्यांनी बोललंच पाहिजे असं नाही. संगीत, नेपथ्य, प्रॉम्प्टिंग, वस्तूंची यादी, ही कामंही लेखकालाच शहाणं करतात.

गोंयकार

अवांतर वाटेल, पण मुलांनी संहिता कधी वाचलेली असते का? कविता वाचून कविता लिहितात, पण नाटकाचं पुस्तक हातात न घेता नाटक लिहायला बसतात. आमच्याकडे गोव्यात देवळांच्या जत्रांत गावकरी स्वतः नाटक करतात, त्यामुळे घरोघरी कुणीतरी नाटकाची वही घेऊन पाठांतर करताना मुलं बघतात. हे सगळीकडे नसतं.

मुलांसाठी लिहिणारी मोठी माणसं आपल्याकडे होऊन गेलीत. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये लिटल थिएटर सुरू केलं आणि रत्नाकर मतकरींचं 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं. मतकरी पुढे अनेक वर्षं मुलांसाठी लिहीत राहिले. तेंडुलकरांची आणि पुलंचीही बालनाट्यं आहेत. आणि ऐंशीच्या दशकात डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनची ग्रिप्स पद्धत पुण्यात आणली. त्यात मोठे नट मुलांच्या भूमिका करतात, आणि विषय राजा-राक्षसाचे नसून घर, शाळा, आईबाप यांच्याशी मुलांची रोजची भांडणं असे असतात. यातली दोन-तीन मिळतील ती पुस्तकं आणा आणि भूमिका वाटून वर्गात मोठ्यानं वाचा. एन्ट्री कशी लिहितात, एक्झिट कशी लिहितात, हे पाहिल्यानं कळतं.

रेघोट्या

एक शंका. मुलांना एखाद्या कथेचं नाट्यरूपांतर करायला दिलं तर? पाठ्यपुस्तकातली गोष्ट घेतली तर परवानगी लागते का?

कोर्टाची पायरी

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क राहतो, आणि ही मुदत मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यामुळे त्यांचं साहित्य २०११ पासून सर्वांसाठी खुलं आहे. शाळेतल्याच शिक्षक-विद्यार्थ्यांनी केलेला प्रयोग आणि प्रेक्षक फक्त शाळेतले लोक व पालक, अशा वेळी कायद्यात सवलत आहे. बाहेर प्रयोग करायचा, स्पर्धेत उतरायचं किंवा तिकीट लावायचं असेल तर लेखकाची किंवा वारसांची लेखी परवानगी घ्यावी. जाहीर प्रयोगासाठी महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता पाठवावी लागते, तेही स्पर्धेच्या नियमांत आधी बघून घ्या. आणि मुलांनी स्वतः लिहिलं असेल तर मुखपृष्ठावर मुलांचीच नावं घाला. तो हक्क त्यांचा आहे.

तिसरी घंटा

रूपांतर हा व्यायाम चांगला आहे. कथेत लेखक "त्याला वाईट वाटलं" असं सांगू शकतो, नाटकात ते करून दाखवावं लागतं. एकच पान द्यावं आणि त्यातलं निवेदन पूर्ण काढून टाकायला सांगावं. "निवेदक" नावाचं पात्र घ्यायला बंदी. नाहीतर सगळी कथा त्याच्याच तोंडी जाते.

सिंदफणाकाठ

मंडळी, उशीर झाला, पण मधल्या शनिवारी बरंच काही झालं. सगळ्यांचे प्रतिसाद मुलांना वाचून दाखवले. अभ्याचा प्रतिसाद त्यांना सगळ्यांत आवडला.

दशावतारी यांच्या सायकलीपासून सुरुवात केली. वर्ग डोक्यावर घेतला त्यांनी. मग म्हटलं, आता सायकल सोडा, तुमच्या घरात कुणाला काय हवंय आणि मिळत नाहीये? नववीतल्या एका मुलीनं सांगितलं, दिवाळी झाली की आईवडील ऊसतोडीला जातात. आमच्या भागात हे घरोघरचं आहे. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, मग गावोगावची जोडपी ट्रॅक्टर-ट्रकमधून कारखान्यावर निघतात आणि हंगाम संपेपर्यंत तिकडेच असतात. तिथून नाटक निघालं.

खो-खोच्या संघातली राणी. उद्या पहाटे ट्रॅक्टर येणार. आठ दिवसांनी जिल्ह्याचा सामना. मैत्रिणींना राणी हवीय. राणीला राहायचंय. आईला ती बरोबर हवीय, कारण धाकट्याला कोपीवर, म्हणजे तिकडच्या झोपडीवर, सांभाळणार कोण? पडद्यामागे यांची अट पाळली: अंगण, आदल्या दिवशीची संध्याकाळ, सलग. त्यातला एक तुकडा देते, मुलांनी लिहिलाय तसाच:

आई : ते पातेलं घेतलंस का?
राणी : घेतलं.
आई : आन् तुझी वही-पुस्तकं?
राणी : ती कशाला?
आई : तिकडं वाचशील की.
राणी : मागल्या साली नेली व्हती. तशीच आणली.
(बाहेरून शिट्टी. राणी उठते. आई बघते. राणी परत बसते.)
आई : कोण हाय?
राणी : कुणी नाही.

शिट्टी म्हणजे संघातल्या मुलींची खूण. ही कल्पना आठवीतल्या एका अगदी गप्प राहणाऱ्या मुलाची.

आता अडलंय ते शेवटावर. बहुतेकांना हवंय की जिल्हाधिकारी येतात, मुकादमाला दम देतात, राणीला शिष्यवृत्ती मिळते. मला पटत नाही, पण "नाही" कसं म्हणू? त्यांना खरंच तसं व्हायला हवंय.

चिंगी

"तिकडं वाचशील की", "मागल्या साली नेली व्हती. तशीच आणली." मी हे दोनदा वाचलं. मुलांना माझा नमस्कार सांगा.

पडद्यामागे

शिट्टी! नेपथ्य नाही, दिवा नाही, नुसती विंगेतून एक शिट्टी आणि अंगणाबाहेरचं जग उभं राहिलं. ती तीनदा वाजू द्या, तीन वेगळ्या वेळी. शेवटी वाजवायची की नाही, ते मुलांना ठरवू द्या.

तिसरी घंटा

फार सुंदर लिहिलंय. शेवटाबद्दल: "नाही" म्हणू नका, विचारा. जिल्हाधिकारी पहिल्यांदा कधी दिसले? शेवटच्या पानावर. त्यांना या घरातून काय हवंय? काहीच नाही. मग त्यांच्या येण्यानं राणीला, आईला काही करावंच लागत नाही. पंधरा मिनिटं आपण या मायलेकींकडे बघतोय. निर्णय त्यांच्यापैकीच कुणाचा तरी असला पाहिजे.

अजून एक सांगा. मुकादमाला खलनायक करायची घाई नको. या नाटकाचं बळ हे आहे की आईसुद्धा चूक नाही. दोघींचंही बरोबर आहे आणि दोघींचं एकदम होऊ शकत नाही. नववीतल्या मुलांनी हे पकडलंय, ते मोठ्या लेखकांनाही सहज सापडत नाही.

त्रिअंकी

सहमत. शेवटासाठी एक युक्ती. चार गट करा. प्रत्येकानं वेगळा शेवट उभा करून दाखवायचा. राणी जाते. राणी राहते आणि धाकटा आईबरोबर जातो. आजी पुढे होते. हंगामी वसतिगृहाचा पर्याय निघतो, तुमच्या जिल्ह्यात तशी वसतिगृहं चालतात, तेव्हा तो काही आकाशातून पडलेला नाही. मात्र तो शेवट हवा असेल तर वसतिगृहाचा उल्लेख आधी दुसऱ्या-तिसऱ्या पानावर यायला हवा, आणि आईनं तो तेव्हा का नाकारला हेही यायला हवं. चारही बघून झाल्यावर जिल्हाधिकारी कुणी मागणार नाही असं मला वाटतं.

वडसेकर

आणि आईची भूमिका कोण करणार ते बघा. ज्या पोरीची आई दरसाल जाते तिच्यावर ती लादू नका. तिला विचारून मगच.

सिंदफणाकाठ

वडसेकर, हे बोललात ते फार बरं झालं. ज्या मुलीनं विषय दिला तिला मी बाजूला घेऊन विचारलं. तिला आई व्हायचंय. म्हणाली, "राणीचं मला माहीतच हाय. आईचं काय व्हतंय ते बघायचंय."

चार शेवट करून पाहिले. जिल्हाधिकारी गेले. मुलांनी आजीचा शेवट निवडला, पण त्यात बदल केला: आजी धाकट्याला ठेवून घ्यायला तयार होते आणि मग राणीच सांगते की आजीला रात्री दिसत नाही. म्हणजे स्वतःच्या तोंडानं स्वतःचा मार्ग बंद करते. इथं वर्गात वाद झाला आणि अजून चालू आहे. निम्मे म्हणतात ती असं बोलणारच नाही, निम्मे म्हणतात बोलणारच.

माझ्या पहिल्या प्रश्नाचं म्हणाल तर आमच्या वर्गात आधी उभं राहून बोलणं, मग लिहून काढणं आणि गुंता झाल्यावर तक्ता, या क्रमानं जमलं. तक्ता आधी दिला असता तर मुलांनी तो परीक्षेसारखा भरला असता. पण आता मुलं स्वतःहून तो मागतायत.

अभ्या९

ताई, ती बोलणार. कारण आजी पडली तर तिलाच वाटणार ना, आपल्यामुळे झालं. माझं मत त्यांना सांगा.

शुभदा_क

आता वाचन ठेवा, ताई. लिहिणाऱ्यांनी वाचायचं नाही, दुसऱ्या वर्गातल्या मुलांनी संहिता पहिल्यांदाच हातात घेऊन वाचायची. लेखकांनी मागे बसून फक्त खुणा करायच्या: कुठं वाचणारा अडखळला, कुठं ऐकणाऱ्यांची चुळबुळ झाली, कुठं सगळे शांत झाले. "तसं नाही, असं म्हणायचं" असं मध्ये सांगायची परवानगी नाही. वाचणाऱ्याला वाक्य नीट म्हणता आलं नाही तर वाक्य बदलायचं. घड्याळ लावा, कारण कागदावर वाटतं त्यापेक्षा वेळ नेहमी जास्त लागतो, आणि शिट्ट्यांच्या जागी खरंच थांबायला सांगा.

सिंदफणाकाठ

येत्या शनिवारी आठवी 'ब' वाचणार. अभ्या, तुझं मत फळ्यावर लिहून ठेवते.